‘पूल’ शोधला तर ‘पुलाचे’ फोटो का सापडत नाहीत?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: दक्षिण कोकणातल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाच्या ग्रंथपाल लिहितात की, दोन वर्षांत त्यांनी सुमारे 6,400 वस्तूंचं डिजिटायझेशन केलं. त्यात छायाचित्रं आहेत, स्थानिक साप्ताहिकाचे अंक आहेत, नाटकांच्या जाहिराती, कीर्तनांच्या कॅसेट आणि खोतीच्या वादातली कागदपत्रंही आहेत. सगळं डीस्पेस या डिजिटल संग्रहाच्या संगणकप्रणालीवर चढवलं आहे. नोंदी तीन स्वयंसेवक करतात. कीवर्ड आता 2,900 च्या वर गेले आहेत आणि त्यांतले निम्म्याहून जास्त एकेकदाच वापरले गेले आहेत. एकटा ‘दशावतार’च चार तऱ्हांनी लिहिला आहे. कार्यकारिणीतले एक सदस्य म्हणतात, अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची विषयशीर्षकं मराठीत भाषांतरित करून तीच वापरू. दुसऱ्यांचं म्हणणं, सगळे गुगलच करतात, मग कीवर्ड हवेतच कशाला? ग्रंथपालांना वाटतं, वर्षभर काम थांबवून आधी एक परिपूर्ण मराठी यादी करावी. ‘योग्य यादी कोणती, आणि स्वयंसेवकांना शिस्त कशी लावू?’ हा त्यांचा प्रश्न आहे.

ग्रंथपालताई, नमस्कार.

पत्रासोबत तुम्ही चाळीस कीवर्डचा नमुना जोडलात, ते फार बरं केलंत. ते चाळीस शब्द वेगवेगळे करून पाहिले. अकरा शब्द गावांची, तालुक्यांची, जिल्ह्यांची नावं आहेत. सात माणसांची नावं आहेत. ‘फोटो’, ‘जाहिरात’, ‘कृष्णधवल’, ‘कॅसेट’ असे सहा शब्द ती वस्तू काय आहे एवढंच सांगतात. तीन सालं आहेत. ‘दुर्मीळ’ आणि ‘सुंदर’ ही दोन मतं आहेत. खरा विषय सांगणारे शब्द उरले अकरा.

‘योग्य यादी कोणती’ या प्रश्नात सगळ्या शब्दांसाठी एकच यादी असते, असं गृहीत धरलेलं आहे. पाच वेगळ्या प्रश्नांची उत्तरं एकाच रकान्यात पडली आहेत, म्हणून तो रकाना फुगलाय. यात स्वयंसेवकांची बेशिस्त नाही. रिकामा रकाना आणि ‘कीवर्ड लिहा’ एवढीच सूचना मिळाली, तर कोणीही सुचेल ते सगळं लिहील.

डीस्पेसमागे डब्लिन कोअर ही वर्णनपद्धत आहे आणि तिच्या मूळ 15 घटकांपैकी विषय हा फक्त एक. स्थळ-काळाची व्याप्ती, निर्माता, सहभागी, प्रकार, दिनांक, भाषा यांना स्वतंत्र घरं आहेत. आधी शब्द आपापल्या घरी पाठवा. नमुन्याचं प्रमाण सगळीकडे तसंच निघालं, तर 2,900 पैकी विषयाचे शब्द आठशेच्या आसपास उरतील. वेगवेगळी रूपं एकत्र केली की ते आणखी कमी होतील. तीन-चारशे शब्दांची यादी तीन माणसं हातानं सांभाळू शकतात. तिच्यासाठी वर्षभर काम थांबवायची गरज नाही.

विषय सोडून बाकीच्या घरांसाठी नवं काही बनवायचं नाही. प्रकारासाठी डब्लिन कोअरचीच 12 शब्दांची छोटी यादी आहे, त्यातले तीन-चारच तुम्हाला लागतील: स्थिर प्रतिमा, मजकूर, ध्वनी, चलत्प्रतिमा. त्याहून बारीक भेद हवा असेल, म्हणजे नाटकाची जाहिरात, निमंत्रणपत्रिका, सनद, नकाशा, तर गेटी संस्थेची कला आणि वास्तुशास्त्राची संज्ञावली मोफत वापरता येते. शब्द मराठीत ठेवा, शेजारी तिचा क्रमांक नोंदवा. भाषेसाठी आयएसओ 639 या आंतरराष्ट्रीय मानकातला भाषासंकेत आणि लिपीसाठी वेगळा रकाना. मोडी कागद असतील तर हा रकाना अजिबात चुकवू नका, कारण मोडीचा अभ्यासक आधी लिपीच विचारतो. दिनांक 1978-05 असा वर्ष आधी ठेवून लिहा. अंदाजे साल असेल तर 1978~ अशी खूण मान्य पद्धतीत आहे. कागदावर शक असेल तर 78 मिळवा, पण माघ-फाल्गुनातला कागद बहुधा पुढच्या इसवी वर्षात जातो, हे विसरू नका. मूळ शक वर्णनात राहू द्या.

माणसांच्या नावांचं थोडक्यात. एका माणसाची एक नोंद, आडनाव आधी, टोपणनाव त्याच नोंदीत पर्यायी रूप म्हणून. शिरवाडकर आणि कुसुमाग्रज या दोन्ही नावांनी शोधणारा एकाच जागी पोचला पाहिजे. स्थानिक माणसांत सारख्या नावाचे दोघे निघतातच. तिथे जन्मसाल किंवा गाव जोडा.

स्थळांवर मात्र मन लावून काम करा, कारण तुमच्या भागात तो प्रश्न सर्वात अवघड आहे. नमुन्यात मालवणचा 1978 सालचा फोटो ‘रत्नागिरी जिल्हा’ म्हणून नोंदलाय आणि 1985 चा ‘सिंधुदुर्ग’ म्हणून. दोन्ही स्वयंसेवक बरोबर आहेत! सिंधुदुर्ग जिल्हा 1981 साली झाला. त्याच वर्षी कुलाब्याचा रायगड झाला. सावंतवाडीचा 1940 चा कागद असेल तर तो कुठल्याच ब्रिटिश जिल्ह्यातला नाही, तो संस्थानातला आहे. त्यामुळे कीवर्डमध्ये जिल्हा लिहूच नका, गाव लिहा. गावाला जिओनेम्स किंवा विकिडेटा या मोफत ऑनलाइन माहितीसाठ्यांतला क्रमांक द्या. मुंबईचा विकिडेटा क्रमांक क्यू1156 आहे. तिला कोणी बॉम्बे म्हणो वा मुंबई, क्रमांक तोच राहतो. गाव कुठल्या तालुक्यात, कुठल्या जिल्ह्यात, कधीपासून, हे सगळं गावाच्या एका नोंदीत एकदाच लिहायचं, 6,400 वेळा नाही. अलीकडेच औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव आणि अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. ज्यांनी प्रत्येक नोंदीत नाव हातानं टाइप केलंय, त्यांना आता प्रत्येक नोंद पुन्हा उघडावी लागते. मान्य नाव आजचं ठेवा, जुनं पर्यायी रूप म्हणून ठेवा. पण अंकाच्या मथळ्यावर, पत्रावर, शिक्क्यावर जे छापलंय ते जसंच्या तसं राहील. तो पुरावा आहे.

आता विषयाकडे, आणि ‘गुगल आहे ना’ म्हणणाऱ्या सदस्यांकडे. त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. टाइप केलेल्या मजकुराचा शोध खरोखर उपयोगी आहे आणि साप्ताहिकाच्या अंकांसाठी तो हवाच. पण फोटोला मजकूर नसतो, कॅसेटलाही नसतो. तिथे शोधयंत्राला तुमच्या शब्दांशिवाय दुसरं काही दिसत नाही. दुसरं, मराठी शब्द वाक्यात शिरला की रूप बदलतो. पूल, पुलावर. विहीर, विहिरीत. पूर, पुराचं. शेवटी नुसता प्रत्यय लागत नाही, आतला दीर्घ स्वरच ऱ्हस्व होतो. अक्षरं जुळवून शोधणाऱ्या यंत्राला ‘पूल’ आणि ‘पुलाचे’ यांत नातं दिसत नाही. तुमच्या डीस्पेसमध्ये आजच ‘पूल’ शोधा आणि मग ‘पुलाचे’ शोधा. निकालांची संख्या वेगळी आली, तर ती दोन्ही उत्तरं सदस्यांसमोर ठेवा.

म्हणून यादीतला मान्य शब्द नेहमी प्रथमेच्या रूपात असावा: ‘विहीर’, ‘विहिरींची छायाचित्रे’ नव्हे. वचन एकवचनी ठेवा. इंग्रजी याद्यांत मोजता येणाऱ्या गोष्टी अनेकवचनी लिहितात, पण आपल्या कोशांत आणि विश्वकोशात शोधशब्द एकवचनी असतो आणि वाचकाच्या हाताला तेच वळण आहे. शुद्धलेखन साहित्य महामंडळाच्या 1962 च्या नियमांप्रमाणे धरा. त्याआधीच्या छापील मजकुरातले अनुच्चारित अनुस्वार वर्णनात जपा, विषयशब्दात आणू नका.

मराठीत आणखी एक अडचण आहे, ती डोळ्यांना दिसत नाही. ‘किनाऱ्यावरील’ मधला ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकदा स्वतंत्र ‘ऱ’ वापरून, एकदा साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे, संगणकाला दोन वेगळे शब्द. ‘ॲ’ हे एकसंध अक्षर आणि ‘अ’वर काढलेला चंद्र यांचंही तसंच. युनिकोड या अक्षरांच्या संगणकीय मानकाचं नेहमीचं सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगळी रूपं आपोआप एक करणं, हे दोन भेद मिटवत नाही, ते शोधून-बदलून हातानंच मिटवावे लागतात. तुमचा ‘चार तऱ्हांचा दशावतार’ मुळात दोनच तऱ्हांचा असेल आणि उरलेल्या दोन शब्दाच्या मागे राहिलेल्या मोकळ्या जागेमुळे झाल्या असतील, अशीही दाट शक्यता आहे.

सफाईसाठी ओपनरिफाइन हे मोफत साधन वापरा. आधी संपूर्ण नोंदींची निर्यात करून एक प्रत बाजूला ठेवा, तिला हात लावायचा नाही. कीवर्डचा रकाना एकेका शब्दात फोडा. विभाजक म्हणून स्वल्पविराम घेऊ नका, कारण माणसांच्या नावांत तो असतो. उभी रेघ घ्या. कडेच्या मोकळ्या जागा काढा, वर सांगितलेले दोन अक्षरभेद मिटवा आणि मग सारख्या दिसणाऱ्या शब्दांचे गट पाडणारी सोय चालवा. तिच्यातल्या उच्चारावर चालणाऱ्या पद्धती रोमन लिपीसाठी आहेत, देवनागरीवर त्यांचा भरवसा नको. अक्षरांतलं अंतर मोजणारी पद्धत चालते. पण तिथे तुलनेच्या ठोकळ्याचा आकार, म्हणजे तुलनेला येण्याआधी दोन शब्दांत सलग जुळायला हवीत तेवढी अक्षरं, मुळात 6 असतो, त्यामुळे आपले छोटे शब्द तुलनेला येतच नाहीत. तो 2 वर आणा. आणला की लगेच नवा धोका उभा राहतो: ती ‘पूर’ आणि ‘पूल’ एकच करायला सुचवेल. अंतर फक्त एका अक्षराचं आहे. म्हणून ‘सगळे एकत्र करा’ हे बटण कधीही दाबू नका. प्रत्येक गट माणसानं वाचून मान्य करायचा.

एकत्र काय करायचं, हे यंत्र सांगू शकत नाही आणि ग्रंथपालाचं खरं काम इथेच आहे. सुरमई आणि इसवण हा एकच मासा, दोन नावं. एक मान्य करा, दुसरं पर्यायी. शिमगा आणि होळी? अनेकजण झटकन एक करतील. पण होळी पौर्णिमेला पेटते, कोकणातला शिमगा तिच्या आधी सुरू होतो आणि पालखी घरोघर फिरेपर्यंत चालतो. तुमच्या संग्रहात पालखीचे फोटो होळीच्या फोटोंपेक्षा जास्त असणार. दोन्ही शब्द ठेवा आणि एकमेकांना ‘संबंधित’ म्हणून जोडा. दहिकाल्याची जत्रा आणि तिथे होणारं दशावतारी नाटक हेही असंच: संबंधित, समानार्थी नाही. ‘रापण’, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून केलेली मासेमारी, ही ‘मासेमारी’च्या पोटातली संज्ञा. मासेमारी शोधणाऱ्याला रापण दिसली पाहिजे, रापण शोधणाऱ्यावर मात्र सगळी मासेमारी आदळता कामा नये. आणि ‘कलम’! बागेतलं आणि कायद्यातलं. तुमच्या संग्रहात दोन्ही असणार, तेव्हा ‘कलम (रोप)’ आणि ‘कलम (कायदा)’ असं लिहा.

‘कशाबद्दल आहे’ आणि ‘काय आहे’ यांतली गल्लतही नमुन्यात दिसते. कीर्तनाची कॅसेट हे कीर्तन आहे, तिचा विषय तुकारामांचा एखादा अभंग असेल. कीर्तनावरचा लेख मात्र कीर्तनाबद्दल आहे. पहिल्यात ‘कीर्तन’ प्रकाराच्या रकान्यात जाईल, दुसऱ्यात विषयाच्या.

यादी साध्या तक्त्यात करा. प्रत्येक संज्ञेला आधी क्रमांक, समजा वि-0147. मग मान्य शब्द, पर्यायी शब्द, लपवलेली रूपं, व्यापक संज्ञा, संबंधित संज्ञा, एक-दोन ओळींची व्याप्ती टीप, बाहेरच्या यादीतला क्रमांक, आणि कोणी कधी घातला. लपवलेल्या रूपांत चुकीची शुद्धलेखनं आणि रोमन लिपीतली रूपं जातात. परदेशातला नातू ‘दशावतार’ इंग्रजी अक्षरांत कसा टाइप करील याचा नेम नाही, पण त्याला फोटो मिळायला हवा. ही तिन्ही पातळ्यांची विभागणी स्कॉस या 2009 पासूनच्या वेबमानकात तशीच आहे: एका भाषेत मान्य शब्द एकच, पर्यायी कितीही, लपवलेले कितीही. त्यामुळे पुढे संगणकप्रणाली बदलली तरी तक्ता वाया जाणार नाही. डीस्पेसच्या विषयाच्या रकान्याला अशी यादी एक्सएमएल फाइलमधून जोडता येते आणि नोंद करताना ती झाडासारखी उघडते. पर्यायी आणि लपवलेली रूपं मात्र आपोआप शोधात येत नाहीत. ती शोधयंत्राच्या समानार्थी शब्दांच्या फाइलमध्ये घालावी लागतात. हे तांत्रिक बाजू पाहणाऱ्याकडून करून घ्या आणि झाल्यावर ‘इसवण’ शोधून सुरमई येते का ते स्वतः पाहा.

व्याप्ती टीप लिहायचा कंटाळा येतो, पण ती टाळली की सहा महिन्यांत यादी पुन्हा विस्कटते. ‘खोती’पुढे असं लिहा: ‘खोतांचे जमीनमहसुलाचे हक्क, त्यांवरचे वाद आणि 1949 च्या कायद्यानं झालेलं निर्मूलन. कूळकायद्याच्या प्रकरणांसाठी «कूळकायदा» वापरा.’ नव्या स्वयंसेवकाला यापलीकडे शिकवणी लागत नाही.

लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या शीर्षकांचा आग्रह धरणाऱ्या सदस्यांना माझा निम्मा पाठिंबा आहे. बाहेरच्या अभ्यासकाला तुमचा संग्रह सापडावा, ही त्यांची तळमळ खरी आहे. पण तो शब्दसंग्रह लाखो शीर्षकांचा आहे, 1898 पासून एका वेगळ्या देशातल्या ग्रंथसंग्रहावर वाढलेला. भाषांतर सुरू केलंत तर ते कधी संपणार नाही, आणि मूळ यादीत बदल झाला की तुमचं भाषांतर शिळं होईल. शिवाय त्यात विषय, देश, काळ एकाच लांब साखळीत ओवलेले असतात, तर डीस्पेसमध्ये तुम्ही ते वेगळ्या रकान्यांत ठेवता. त्याच शीर्षकांवरून पैलूंनुसार सुटी केलेली फास्ट नावाची यादी आहे, ती तुमच्या रचनेला जवळची. तिचं भाषांतर करू नका, जुळणी करा: मराठी शब्द आपला, शेजारी त्यांचा क्रमांक, आणि जुळणी नेमकी, जवळची की त्यांची संज्ञा अधिक व्यापक, हे स्पष्ट लिहा. ‘विहीर’ नेमकी जुळेल. ‘खोती’ला जमीनधारणा हे व्यापक शीर्षकच मिळेल, आणि ते ‘व्यापक’ म्हणूनच नोंदवा. जिथे काहीच जुळत नाही तिथे रकाना मोकळा सोडा. ओढून-ताणून केलेली जुळणी अभ्यासकाला चुकीच्या वाटेवर नेते. सुरुवात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या शंभर संज्ञांपासून करा. मराठी शब्द अडला तर मराठी विश्वकोश आणि भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश पाहा. पण परिभाषेतला शब्द आणि गावातला शब्द यांत निवड करायची वेळ आली, तर गावातला मान्य करा, दुसरा पर्यायी ठेवा.

एका गोष्टीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगायलाच हवं. जुन्या कागदांत आणि फोटोंच्या पाठीवर जातींचे अवमानकारक उल्लेख असतात. भटक्या-विमुक्तांना तर 1871 च्या कायद्यानं जन्मजात गुन्हेगार ठरवलं होतं आणि तेच शब्द त्या काळच्या कागदांत येतात. मूळ मजकूर खोडू नका, पण तो तुमचा विषयशब्द होऊ देऊ नका. समाज स्वतःला ज्या नावानं ओळखवतो ते नाव मान्य शब्द. जुना शब्द फक्त लपवलेल्या रूपांत, अभ्यासकाला कागदापर्यंत पोचता यावं एवढ्यासाठी. आणि आडनावावरून जात ओळखून कीवर्ड कधीही, कोणीही देऊ नये. हा नियम लेखी असू द्या.

राहिला शिस्तीचा प्रश्न. काम थांबवू नका, फक्त यादीबाहेरचा शब्द थेट टाकणं थांबवा. नोंदीत ‘सुचवलेला शब्द’ असा एक रकाना ठेवा. तो सगळ्यांना मोकळा. महिन्यातून एकदा तासभर चौघं बसा आणि एकेका शब्दाचा निकाल लावा: मान्य, पर्यायी, की दुसऱ्या घरचा. एका वस्तूला दोन ते पाच विषयशब्द पुरेत. जो शब्द संग्रहातल्या पाचव्या हिश्श्याहून जास्त वस्तूंना लागतो, त्यानं कोणाचा शोध सोपा होत नाही. तुमच्याकडे ‘कोकण’ हा तसाच शब्द आहे, तो काढून टाका. उलट फोटोत पूल असेल तर ‘बांधकाम’ नको, ‘पूल’च लिहा. संग्रहात असेल तेवढा नेमका शब्द आधी.

पहिल्या आठवड्यात एवढंच करा. तीस वस्तू निवडा: दहा फोटो, दहा अंक, पाच जाहिराती, पाच कॅसेट. दोन स्वयंसेवकांनी एकमेकांचं न पाहता त्यांना विषयशब्द द्यावेत. मग प्रत्येक वस्तूसाठी दोघांचे समान शब्द मोजा आणि दोघांच्या मिळून एकूण वेगळ्या शब्दांनी भागा. एकानं चार दिले, दुसऱ्यानं पाच, तीन जुळले, तर वेगळे शब्द सहा आणि जुळणी 50 टक्के. शंभर टक्क्यांची अपेक्षा ठेवू नका, जाणकार तालिकाकारांतही ती येत नाही. आकड्यापेक्षा न जुळलेले शब्द महत्त्वाचे. दोघांनी एकाच फोटोला वेगळे शब्द दिले, तिथे यादीत शब्द कमी आहे किंवा टीप कमी आहे. त्या जागा भरा आणि महिन्यानं नव्या तीस वस्तूंवर पुन्हा मोजा.

तिसरा स्वयंसेवक त्या वेळात वाचनालयाच्या टेबलाशी वही घेऊन बसू दे. येणारा वाचक काय मागतो, ते त्याच्याच शब्दांत उतरवायचं: ‘आमच्या आजोबांच्या होडीचा फोटो आहे का’, ‘जुन्या पुलाचा आहे का’. यादीतली पहिली पन्नास पर्यायी रूपं त्या वहीतून घ्या.